फुफींचा भोकाचा पैसा

आमच्या मोठ्या फुफींनी आमच्याकडे कधी काही मागितले नाही. ईदी त्या द्यायच्या. घ्यायची वेळ आली की काहीतरी काम काढून आत निघून जायच्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी बकरीदेच्या दुसऱ्या दिवशी, जेवणे झाल्यावर, आमचा नाण्यांचा अल्बम चाळताना त्यांनी एक वस्तू मागितली, तेव्हा घरातले सगळेच जरा चकित झाले.

"मेरेकू अम्मा का वो छेद वाला पैसा होना," फुफी म्हणाल्या.

फुफींची अम्मा म्हणजे आमच्या दादी. त्यांच्या बटव्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला एक भोकाचा पैसा असायचा, हे आम्हालाही अंधूक आठवते. आपल्या निकाहच्या सालचा तो पैसा आहे, असे दादी सांगत. घर बदलताना बटवा गेला, पैसाही गेला. दादींचा इंतकाल होऊन वीस वर्षे झाली. त्यांचा फोटो घरात नाही, दागिना उरला नाही. फुफींना तोच पैसा मिळणार नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होते. त्याच सालचा, तसाच दुसरा चालणार होता.

आम्ही हसून 'हो' म्हटले. पंधरा वर्षे नाणी जमवणाऱ्या माणसाला एक भोकाचा पैसा शोधणे म्हणजे काय अवघड! बाजारात अशी नाणी वीस-तीस रुपयांना मिळतात. पण ते एक नाणे सापडायला आम्हाला पावणेदोन वर्षे लागली, आणि त्या शोधात घरातला एक जुना हिशेब उघडा पडला. वाचक बंधू-भगिनींना दोन्ही गोष्टी सांगाव्यात असे वाटले, म्हणून हा लेख.

हाली आणि कलदार

आमचे घराणे बीड जिल्ह्यातले. औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) हे जिल्हे त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते. इंग्रजांच्या राज्यात शेकडो संस्थाने होती, पण हैदराबादला स्वतःचे पूर्ण चलन होते: पै, आणे, रुपये, अशरफी आणि कागदी नोटाही. या चलनाला सरकारी कागदांत 'सिक्का उस्मानिया' आणि लोकांच्या तोंडी 'हाली' म्हणत. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. इंग्रजी रुपयाला म्हणत 'कलदार'. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब असे. आमच्या लहानपणी गावातली वयस्क माणसे जुन्या व्यवहाराची गोष्ट निघाली की हटकून विचारत, "हाली की कलदार?" मराठी बोलणारा असो की दखनी, हा प्रश्न सगळ्यांचा सारखाच होता.

हाली रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. १३२१ हिजरीपासून, म्हणजे १९०३च्या सुमारास, सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळात रुपयावर चारमिनारचे चित्र आले. चारमिनार स्वतः १५९१चा. त्याच्या मधल्या कमानीत एकच अक्षर दिसते: 'मीम'. मीम म्हणजे महबूब. १९११मध्ये मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि मीमच्या जागी 'ऐन' आला. उस्मान हे नाव ऐनने सुरू होते. सुरुवातीच्या नाण्यांवर हा ऐन अपुरा आहे, म्हणजे शब्दाच्या आरंभी येतो तसा नुसता वरचा वळसा. पुढच्या नाण्यांवर पोटासह संपूर्ण ऐन आहे. संग्राहक हा अपुरा ऐन शोधत असतात.

याच नाण्यांवर एक आकडा आढळतो, ९२. ते साल नाही. अबजदच्या हिशेबाने मीमचे ४०, हेचे ८, पुन्हा मीमचे ४० आणि दालचे ४, अशी बेरीज केली की ९२ येते. म्हणजे 'मुहम्मद' हे मुबारक नाव आकड्यात लिहिले आहे. ज्यांना उर्दू येते त्यांना हे लगेच उमगते. नाण्यांच्या बाजारात मात्र बहुतेकांसाठी ती एक न समजणारी खूण असते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई झाली. इंग्रज सरकारने १९४३मध्ये मधोमध मोठे भोक असलेला पैसा काढला, आणि हैदराबादनेही दोन पैचे भोकाचे नाणे काढले. मधल्या भोकामुळे तांबे वाचले आणि आयांना एक सोय झाली: नाणे दोऱ्यात ओवून बाळाच्या करदोट्यात बांधता येऊ लागले. दादींचा पैसा यांतलाच.

स्वस्त नाणे सापडत का नाही?

आता कोणी म्हणेल, वीस रुपयांची वस्तू शोधायला दोन वर्षे कशाला? हे कोडे आम्हालाही हळूहळू सुटले.

महाग नाणे शोधावे लागत नाही. अकबराची मोहर हवी असेल तर खिशात पैसे हवेत. लिलाव करणारे तिचा फोटो छापतात, वजन देतात, साल वाचून देतात आणि घरपोच पाठवतात. कारण त्या मेहनतीचा मोबदला त्यांना मिळतो. वीस रुपयांच्या नाण्याचे साल वाचत बसायला कोणाला परवडते? दुकानदार सगळी भोकाची नाणी एका ताटलीत ओततो आणि म्हणतो, "घ्या निवडून." त्या ताटलीत काय आहे ते त्यालाही माहीत नसते. म्हणजे ज्या नाण्याला किंमत कमी, त्याला शोध जास्त.

शिवाय छोटी नाणी टिकत नाहीत. चांदीचा रुपया घरात जपला जातो. पै-पैसा हातोहाती झिजतो, गुळगुळीत होतो, आणि शेवटी भंगारात जाऊन वितळतो. त्यातून उरलेल्यांत साल वाचता येईल असे नाणे थोडेच.

आम्ही शोधले कुठे? पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात, नातेवाइकांच्या लग्नानिमित्त हैदराबादला गेलो तेव्हा तिथल्या जुमेरात बाजारात. जिल्ह्याच्या गावातल्या सराफांकडे मोडीत आलेल्या नाण्यांचे डबे असतात, तेही उपसले. शाळेच्या सुट्ट्या, एसटीचा प्रवास, सोबत सातवीत शिकणारी आमची मुलगी आणि एक भिंग. मुलीच्या अम्मीने एकदा हिशेब केला: वीस रुपयांच्या नाण्यासाठी तिकिटांवर किती गेले ते सांगितले. तो आकडा आम्ही इथे देत नाही.

नाणे वाचायचे कसे?

आधी साल पक्के करायला हवे होते. दादींचा निकाहनामा अब्बांच्या लोखंडी ट्रंकेत होता. अब्बांनी तारीख वाचून सांगितली: शव्वाल १३६३. इसवी सन काढण्याची एक सोपी रीत आहे. हिजरी सालाला ०.९७ने गुणावे आणि त्यात ६२२ मिळवावेत. १३६३चे येतात १९४४. म्हणजे १९४४चा सप्टेंबर-ऑक्टोबर.

नाण्यावरचे आकडे अरबी-फारसी वळणाचे असतात. ज्यांच्या घरी उर्दू राहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उभी रेघ म्हणजे एक. टिंब म्हणजे शून्य. सात म्हणजे इंग्रजी 'व्ही', आणि आठ म्हणजे तोच 'व्ही' उलटा. नऊ बराचसा इंग्रजी नऊसारखा. खरी गंमत दोन आणि तीनमध्ये आहे. दोनच्या डोक्यावर एक वळण असते, तीनच्या डोक्यावर दोन. नाणे थोडे झिजले की तीनचे एक वळण पुसट होते आणि तीन दोनसारखा दिसू लागतो. किंवा दोनवर ओरखडा पडला की तो तीन वाटतो.

आम्ही इथेच फसलो. पहिल्या वर्षात तीन वेळा "मिळाले!" म्हणून घरी आलो आणि तिन्ही वेळा दिव्याखाली भिंगातून पाहिल्यावर ते नाणे १३६२चे निघाले. तिसऱ्या वेळी मुलगी म्हणाली, "अब्बू, तुम्ही शाळेत मुलांना पुन्हा तपासायला सांगता ना?"

मग लक्षात आले की नाण्यावर एक नव्हे, दोन साले असतात. एक हिजरी आणि दुसरे जुलूस, म्हणजे राज्यकर्त्याच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष ते. उस्मान अली खान रमजान १३२९मध्ये गादीवर आले. त्यामुळे त्यांचे जुलूस वर्ष रमजानमध्ये बदलते आणि हिजरी वर्ष मुहर्रममध्ये. एकाच हिजरी सालात दोन जुलूस वर्षे येतात. हिशेब मांडला: १३६३च्या मुहर्रमपासून शाबानपर्यंत जुलूस ३४, आणि रमजानपासून पुढे जुलूस ३५. म्हणजे हिजरी सालाचा शेवटचा आकडा पुसट असला तरी ३५ दिसले की ते नाणे १३६२चे असूच शकत नाही. दादींचा निकाह शव्वालचा, म्हणजे रमजाननंतरचा. आम्हाला ३५ हवे होते.

ही बेरीज-वजाबाकी मुलीने स्वतः वहीत केली. तिची शाळा मराठी माध्यमाची. कुरआन ती वाचते, पण उर्दू वाचायची सवय नव्हती. मीम, ऐन आणि आकडे ती नाण्यांवर शिकली. ऐन सुरुवातीला कसा दिसतो, एकटा कसा दिसतो आणि शब्दाच्या मध्ये आला की तोंड मिटून कसा बारीक होतो, हे तिला पाठ झाले. आम्ही बीएडला शिकलेली कोणतीही पद्धत इतकी चालली नव्हती.

आमच्या चुका, तुम्ही करू नये म्हणून

पहिली चूक घासण्याची. सुरुवातीच्या काळात मिळालेले एक चांगले तांब्याचे नाणे आम्ही चिंचेने घासून लख्ख केले. ते गुलाबी झाले आणि त्याची शोभा गेली. तांब्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी रंग हे त्याचे संरक्षण असते आणि त्याच्या खरेपणाची एक खूणही. नाणे फार मळलेले असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडाने टिपावे, बस्स. लिंबू, राख, चिंच, ब्रश काही नको.

दुसरी चूक साठवण्याची. मऊ पीव्हीसीच्या खिशांत तांबे हिरवे पडते. कागदी पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट बरी. पाकिटावर साल, जुलूस, कुठून घेतले आणि किती रुपयांना, हे पेन्सिलीने लिहावे.

तिसरी चूक भोळेपणाची. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ साल आणि त्यावर धार्मिक चित्र, अशी नाणी बाजारात ढिगाने मिळतात. कंपनीने अशी नाणी कधी पाडली नाहीत. ही सगळी अलीकडची बनावट. आम्हीही एक घेतले होते. आता ते वर्गात दाखवायला उपयोगी पडते. चांदीचा हाली रुपया घेताना छोटा वजनकाटा जवळ ठेवावा. त्याचे वजन साधारण ११.२ ग्रॅम भरते, आणि चांदी लोहचुंबकाला चिकटत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या घरांसाठी खास. शेवटी ७८६ क्रमांक असलेली नोट लाखोंना विकली जाते, जुन्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात, असे फोन आणि संदेश येतात. आधी 'नोंदणीचे' पैसे मागतात आणि मग गायब होतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये लोकांना याबाबत सावध केले होते: आपण अशा व्यवहारांत नाही आणि त्यासाठी कोणतीही फी घेत नाही. ७८६ची नोट बरकत म्हणून कोणी ठेवत असेल तर तो त्याचा प्रश्न. पण तिच्यापायी घरातली जमापुंजी गमावू नये.

कायद्याचेही भान हवे. जमिनीत पुरलेले धन सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हा कायदा १८७८चा आहे आणि आजही लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. आखातातून सुट्टीवर आलेल्या भावाच्या हाती भेट म्हणून पाठवण्याआधी हे लक्षात ठेवावे. आणि संग्रहात चांदीचे रुपये असतील तर ते शेवटी चांदीच आहेत. जकातीचा हिशेब करताना त्यांचे काय करायचे ते आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

निकाहनाम्यातला ऐन

गेल्या वर्षी रमजानमध्ये एका दुपारी मुलीने अब्बांकडे हट्ट धरला: मला दादींचा निकाहनामा बघायचा आहे. अब्बांनी ट्रंक उघडली. पिवळा पडलेला, चार घड्यांचा कागद. तिने बोट ठेवत अक्षर-अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. साल वाचले, दोन्ही वळणे तपासून. मग एका ओळीवर थांबली: एकशे पंचवीस रुपये, सिक्का उस्मानिया. "हाच तो हाली रुपया ना, चारमिनारवाला?" तिने विचारले. ती मेहरची ओळ होती.

पुढचा शब्द होता 'मुअज्जल'. उर्दूत हे दोन वेगवेगळे शब्द आहेत आणि कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. एकात ऐन आहे; त्याचा अर्थ तातडीने द्यायची मेहर. दुसऱ्यात ऐन नाही, हमजा आहे. त्याचा अर्थ पुढे द्यायची, म्हणजे उधार मेहर. आम्ही मुलीला फरक समजावला आणि म्हटले, बघ बरे, यात कोणता आहे.

तिने कागद खिडकीजवळ नेला. भिंग लावले. "अब्बू, इथे ऐन नाही."

ऐन नव्हता. मेहर उधार होती.

अब्बा गप्प झाले. आम्ही विचारले नाही, पण संध्याकाळी इफ्तारनंतर तेच बोलले. दादांचा इंतकाल झाला तेव्हा जनाजा उठण्याआधी कोणीतरी दादींना जवळ आणून म्हणाले होते, "मेहर माफ कर दो." आपल्याकडे ही रीत अनेक घरांत आहे. "मग दादी काय म्हणाल्या?" आम्ही विचारले. अब्बा म्हणाले, "रडत होती. बोलली काहीच नाही. लोक म्हणाले, झाले, माफ झाले."

नवऱ्याच्या मय्यतीसमोर, चार माणसांच्या देखत, रडणाऱ्या बाईची खामोशी म्हणजे माफी का? अब्बा दुसऱ्या दिवशी स्वतः मुफ्ती साहेबांकडे गेले. मेहर हे कर्ज आहे, वाटणीच्या आधी फेडायचे कर्ज. दिली नाही, राजीखुशीने माफ झाली नाही, तर ती दादींच्या वारसांची. वारस तीन: अब्बा आणि दोन फुफी. मुलाचे दोन हिस्से, मुलींचा एकेक. चांदीच्या एकशे पंचवीस रुपयांचा आजचा हिशेब मुफ्ती साहेबांनी कसा लावला, ते इथे लिहीत नाही. प्रत्येक घराचा मसला वेगळा असतो, आणि तो जाणत्यांकडेच न्यावा. एवढेच सांगतो की अब्बांनी आपल्या पेन्शनच्या शिलकीतून दोन्ही बहिणींचे हिस्से वेगळे काढले.

गोष्ट तिथेच थांबली नाही, थांबायला नको होती. अब्बाच म्हणाले, "मेहर निघाली, मग जमिनीचे काय?" दादांची जमीन सगळी अब्बांच्या ताब्यात. फुफींनी कधी मागितली नाही आणि आम्ही कधी दिली नाही. न मागणे हाच त्यांचा मोठेपणा, असे आम्ही इतकी वर्षे कौतुकाने सांगत आलो. लेखाच्या सुरुवातीलाही तेच लिहिले आहे. मुद्दाम तसेच ठेवले. ज्या घरात बहिणी कधी काही मागत नाहीत, त्या घरात त्यांचे काही राहून गेले आहे का, हे एकदा तपासावे. अब्बांनी तलाठी कार्यालयात वारस नोंदीचा अर्ज दिला आहे. सातबाऱ्यावर दोन्ही फुफींची नावे लागायची आहेत.

शिपाई मामांच्या आईचा डबा

नाणे मात्र अजून सापडले नव्हते. शेवटी ते कोणत्याच बाजारात मिळाले नाही. आमच्या शाळेच्या प्रदर्शनात सातवीच्या मुलांनी जुन्या नाण्यांचा तक्ता केला होता. तो पाहून शिपाई मामा म्हणाले, "सर, असले भोकाचे पैसे माझ्या आईकडं डब्यात हायत."

रविवारी आम्ही मुलीला घेऊन त्यांच्या गावी गेलो. मामांच्या आईचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी फडताळातून पत्र्याचा डबा काढला. त्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले चार भोकाचे पैसे. "माझ्या सासूबाईंनी दिलेले. माझ्या चारही लेकरांच्या करदोट्यात होते," त्या म्हणाल्या. मुलीने भिंग लावले. दोन नाणी गुळगुळीत. तिसऱ्यावर ३७. चौथ्यावर हिजरी सालाचा शेवटचा आकडा जरा पुसट, पण दुसरीकडे स्वच्छ दिसत होते: ३५. मग पुन्हा पुसट आकडा पाहिला, उन्हात तिरपा धरून. दोन वळणे होती.

आम्ही त्यांना सगळे खरे सांगितले. याची बाजारातली किंमत वीस-तीस रुपयेच आहे, पण आम्हाला हे किती दिवसांपासून हवे आहे आणि का, तेही सांगितले. घेणाऱ्याला माहीत आणि देणाऱ्याला नाही, असा व्यवहार आपल्याला शोभत नाही. मामांच्या आई ऐकत होत्या. मेहरची गोष्ट त्यांना सांगावी लागली नाही. मुलीनेच सांगून टाकली. त्या म्हणाल्या, "पैसे नकोत. पण चार लेकरांचे चार होते, डबा अपुरा नको व्हायला. बदली दुसरा द्या."

आमच्या खिशात चुकून घेतलेली १३६२ची तीन नाणी होतीच. आम्ही तिन्ही पुढे केली. त्यांनी एकच घेतले, दोऱ्यात ओवले आणि डबा बंद केला.

मुलांना हा छंद लावायचा असेल तर

सुरुवात करायला एक रुपयाही लागत नाही. घरातल्या सुट्ट्या पैशांत साल ज्या बाजूला असते तिथे खाली पाहा. छोटा चौकट चौकोन म्हणजे मुंबई टांकसाळ, पाच टोकांचा तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा, आणि काहीच खूण नसेल तर कोलकाता. मुलांना एका नाण्याच्या चारही टांकसाळी जमवायला सांगा. दिवसभर त्यांचे भांडण होणार नाही, याची हमी मात्र देत नाही.

मग घरातल्या वयस्कांकडे वळा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले, आणि २५ पैसे व त्याहून लहान नाणी २०११मध्ये बंद झाली. आजी-आजोबांना त्यातले सगळे आठवते. एकाच छोट्या विषयाला धरावे: आपल्या जिल्ह्यातली टांकसाळ, एखादा राज्यकर्ता किंवा आपल्या घरातली साले. कोकणातल्या घरांनी विजापूरच्या आदिलशाहीतली 'लारी' पाहावी, चांदीच्या तारेचे दुमडलेले नाणे. औरंगाबादकडच्यांनी 'खुजिस्ता बुनियाद' हे नाव शोधावे; मोगल रुपयांवर औरंगाबादचे ते नाव होते. दौलताबादला मुहम्मद तुघलकाने पाडलेली पितळेची नाणी हा तर एक पूर्ण धडाच आहे. चांदीच्या मोलाने चालावीत म्हणून पाडलेली ही नाणी लोकांनी घरोघरी नक्कल करून काढली आणि ती परत घेताना खजिना रिकामा होऊ लागला. नाण्यात धातू किती, यापेक्षा त्यावर भरवसा किती, हे मुलांना यावरून नीट कळते.

मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचे नाणे संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. शाळेची सहल किल्ल्यावर जाते, तशी एकदा इकडेही न्यावी.

आणि उर्दू. पै-रुपयांवरची ही अक्षरे आपल्याच आजा-पणजांच्या व्यवहाराची आहेत. आपली मुले मराठीत शिकतात, शिकावीत, आम्हीही शिकवतो. पण घरातल्या ट्रंकेत जे कागद आहेत ते त्यांना वाचता आले पाहिजेत. न वाचलेल्या कागदात कोणाचा हक्क दबलेला असेल, सांगता येत नाही.

फुफी मागच्या महिन्यात आल्या होत्या. अब्बांनी आधी पाकीट त्यांच्या हातात दिले, मेहरच्या हिश्श्याचे. त्यांनी ते मोजले नाही. बराच वेळ मांडीवर ठेवून बसल्या. मग मुलीने काळ्या दोऱ्यात ओवलेला भोकाचा पैसा त्यांच्या पुढे धरला आणि साल वाचून दाखवले. फुफींनी पैसा डोळ्यांजवळ नेला, भोकातून एकदा अब्बांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अम्मा ऐसेच देखती थी."

अल्लाह आपल्या सगळ्यांना आपापले हिशेब वेळेत साफ करण्याची तौफीक देवो. आमीन.